घोड्याचा रस्ता, खेचराची वाट



आल्प्समधल्या खिंडींवर बोला, असं मला संयोजकांनी सुचवलं. आल्प्समध्ये लहानमोठ्या खिंडी शेकड्यांनी आहेत. इटलीतल्या स्टेल्व्हिओ खिंडीची प्रातोकडून चढणारी 48 वळणं तर सायकलवाल्यांना तोंडपाठ असतात. आज ती सगळी बाजूला ठेवून मी एकाच खिंडीबद्दल बोलणार आहे. स्वित्झर्लंडमधली सेंट गॉटहार्ड, उंची 2106 मीटर. उंचीच्या हिशेबात ती मधलीच म्हणायची. पण मी ती दोनदा ओलांडली, एकदा सायकलवर, दक्षिणेकडून. आणि दोन वर्षांनी पायी, उत्तरेकडून. पायी जाताना लक्षात आलं, की सायकलवर मला अर्धीच खिंड भेटली होती.

आपल्याकडे खोपोली मागं पडली की गाडीत कुणीतरी म्हणतं, 'घाट लागला.' आपल्या भाषेत घाट म्हणजे डोंगरही आणि त्यातून काढलेली वाटही. हा शब्द घेऊनच मी गॉटहार्डला गेलो. तिथं मात्र एकाच घाटात एकमेकींना छेदत जाणाऱ्या दोन वेगळ्या वाटा दिसल्या.

सायकलची वाट आधी सांगतो. दक्षिणेला आयरोलो नावाचं गाव आहे, 1175 मीटरवर. तिथून माथ्यापर्यंतच्या जुन्या रस्त्याला ट्रेमोला म्हणतात. एकावर एक रचलेल्या 24 वळणांचा हा रस्ता 1830च्या सुमारास बांधून झाला. आज त्यावर ग्रॅनाइटचे चौकोनी दगड बसवलेले आहेत. शेजारून आता नवा रुंद रस्ता जातो, त्यामुळे इथं गाड्या तुरळक. तेराएक किलोमीटरमध्ये सव्वानऊशे मीटर चढायचं, म्हणजे सरासरी सात टक्के चढ. तुमचं आणि सायकलचं मिळून वजन 85 किलो धरा आणि दोन तासांत माथा गाठायचा असं ठरवा. नुसतं ते वजन वर उचलायला दोन तास सलग 108 वॉट लागतात. पूर्वीचा शंभराचा बल्ब आठवा. तो दोन तास पायांनी पेटता ठेवायचा. वर दगडांचे हादरे आहेतच. बारीक टायर तिथं घेऊन जाऊ नये, आणि दगड ओले असतील तर उतरताना ब्रेक हळूहळू, वळणाच्या आधीच दाबावा.

चढताना एका गोष्टीचं नवल वाटत राहिलं. चढ कुठंच दगा देत नाही. सोपा नाही, पण अचानक अंगावरही येत नाही. नवव्या वळणावर जो दम लागतो तोच विसाव्या वळणावर. हे कुणी केलं? पेडलची सायकल तर तेव्हा जन्मायची होती. उत्तर आहे घोडा. भरलेली बग्गी घोडे न थांबता ओढू शकतील एवढाच चढ रस्त्याच्या इंजिनियरांनी ठेवला, आणि तेवढाच चढ ठेवण्यासाठी वळणं घातली. 1842पासून इथून रोज टपालाची बग्गी धावत होती. घोड्याच्या छातीचं माप घेऊन बेतलेला रस्ता आज माणसाच्या मांड्यांना बरोबर बसतो. आल्प्समधले बरेच नावाजलेले सायकलघाट असेच एकोणिसाव्या शतकातले, घोड्यांच्या गाड्यांसाठी बांधलेले आहेत. ज्यांनी ती वळणं घातली त्यांच्याबद्दल मला चढताना फार कृतज्ञता वाटली.

झुरिकच्या कलासंग्रहालयात रुडॉल्फ कोलर यांचं 1873चं चित्र आहे. गॉटहार्डची टपालबग्गी उतारावरून भरधाव येतेय आणि तिच्यापुढं एक घाबरलेलं वासरू जीव घेऊन पळतंय. हे चित्र एका रेल्वे कंपनीनं आल्फ्रेड एशर यांना भेट देण्यासाठी काढून घेतलं होतं. एशर म्हणजे गॉटहार्ड रेल्वेमागचा मुख्य माणूस. ज्याच्या हातून ही बग्गी संपणार होती, त्याच्याच भिंतीसाठी तिचं चित्र निघालं.

कारण तोवर डोंगराच्या पोटात काम सुरू झालं होतं. 15 किलोमीटरचा रेल्वे बोगदा, 1872 ते 1882. मजूर बहुतेक इटलीतले. स्फोट, दरडी, पाणी, धूर यांत सुमारे 200 माणसं काम करताना दगावली, आणि आत पसरलेल्या हूकवर्म जंतानं किती जणांचं रक्त आटवलं ते वेगळंच. 1875 साली मजुरांनी बोगद्याच्या उत्तर तोंडाशी, गोशेनेनला संप केला तेव्हा गोळीबार झाला आणि चार जण ठार झाले. कंत्राटदार लुई फाव्र 1879मध्ये बोगद्यातच कोसळून वारले. पुढच्या वर्षी दोन्ही बाजू भिडल्या, तेव्हा पहिल्या भोकातून पलीकडे पाठवला तो त्यांचा फोटो. बोगदा सुरू झाला आणि बग्गी थांबली. 1980 साली मोटारींचा बोगदा झाला, 2016 साली 57 किलोमीटरचा पायथ्याचा रेल्वे बोगदा. आज ज्याला पलीकडे पोचायचं आहे त्याला वर यावंच लागत नाही. वर येतो तो खिंडीसाठीच. घाटावरची वर्दळ गेली, आणि रस्ता आपल्यासारख्यांच्या वाट्याला आला, याचं मोल खाली बोगद्यात त्या माणसांनी मोजलेलं आहे. ट्रेमोलावर पेडल मारताना हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरी वाट. उत्तरेकडून पायी निघालो की गोशेनेननंतर श्योलेनेनची घळ लागते. उभे कडे, खाली रॉइस नदी. माथ्यावरची खिंड अवघड नव्हतीच कधी, अवघड होती ही घळ. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला इथं पूल बांधला गेला आणि तेव्हापासून गॉटहार्ड हा व्यापाराचा मार्ग झाला. तो पूल माणसांना जमेना म्हणून सैतानानं बांधून दिला, अशी कथा उरी परगण्यात सांगतात. मोबदला काय? पूल ओलांडणारा पहिला जीव. लोकांनी पहिला पाठवला बोकड. चिडलेला सैतान पूल फोडायला भला मोठा धोंडा घेऊन निघाला, वाटेत एका म्हातारीनं त्यावर क्रूस काढला, आणि त्याला तो उचलवेना. तो धोंडा अजून गोशेनेनजवळ आहे. सुमारे 220 टनांचा. 1977 साली हमरस्त्याच्या आड आला तेव्हा तो फोडला नाही, खर्च करून 127 मीटर सरकवला. कथेची एवढी बूज राखणारे लोक मला आवडतात.

पुलाच्या वर कड्याला लगटून लाकडी फळ्यांची वाट होती, पाण्याच्या तुषारांनी कायम भिजलेली. 1708 साली पिएत्रो मोरेत्तिनी यांनी तिथं खडक फोडून 64 मीटरचा बोगदा काढला. आल्प्सच्या रस्त्यावरचा हा पहिला बोगदा. 1799च्या सप्टेंबरात रशियाचा सेनापती सुव्होरोव्ह वीसएक हजार माणसं घेऊन दक्षिणेकडून खिंड चढून आला तो याच पुलावर फ्रेंचांशी लढला, जिंकला, आणि खाली सरोवराशी पोचल्यावर त्याला कळलं की काठानं पुढं रस्ताच नाही. दमलेलं सैन्य घेऊन त्याला आणखी खिंडी चढाव्या लागल्या, शेवटची तर ऑक्टोबरच्या बर्फात. एक खिंड जिंकली म्हणून वाट जिंकली असं होत नाही, हे पायी चालणाऱ्याला लवकर कळतं.

अँडरमॅटहून होस्पेन्टाल, आणि तिथून खेचरांची जुनी वाट सुरू होते. ही वाट वळणं घेत नाही. खेचर घोड्यासारखं गाडी ओढत नाही, पाठीवर सव्वाशे-दीडशे किलो घेऊन दगडाधोंड्यांतून सरळ चढतं. म्हणून वाटही सरळ. काही ठिकाणी जुनी फरसबंदी अजून पायाखाली येते, मधोमध झिजलेली. उत्तरेकडून चीज आणि गुरं लोंबार्डीच्या बाजारांना जायची, तिकडून वाइन, तांदूळ, धान्य यायचं. प्रत्येक खोऱ्यातल्या खेचरवाल्यांची आपली मंडळी असे. आपल्या हद्दीपर्यंत माल न्यायचा, गोदामात उतरवायचा, पुढं दुसऱ्यांनी भरायचा. नाणेघाटाच्या माथ्यावरचा जकातीचा दगडी रांजण ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही माणसं परकी वाटणार नाहीत.

वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, चालायला लागणारा वेळ असतो. आधी मला ते विचित्र वाटलं, मग पटलं. डोंगरात अंतर विचारून उपयोग नाही. दुपारनंतर वीज कडाडायच्या आत माथ्यावरून उतरायचं की नाही, हे वेळेवरच ठरतं.

माथ्यावर लहान तळी आहेत, जुनी धर्मशाळा आहे आणि सपाट खडक. एका बाजूचं पाणी रॉइसमधून ऱ्हाइनला मिळून उत्तर समुद्राला जातं, दुसऱ्या बाजूचं टिचिनोतून पो नदीत आणि एड्रियाटिकला. चढताना 'ग्र्युएत्सी' म्हणून नमस्कार करणारी माणसं मागं राहतात, पुढं 'बोनजोर्नो' ऐकू येतं. मध्ये भिंत नाही, चौकी नाही. दोन भाषांची माणसं सातआठशे वर्षं इथं एकमेकांच्या मालाला खांदा देत आली.

तिथून मी ट्रेमोलाच्या दरीत उतरू लागलो. पायवाट त्या 24 वळणांना पुन्हा पुन्हा आडवी छेदत जाते. सायकलवर असताना मी ही वाट एकदाही पाहिली नव्हती, कारण माझी नजर पुढच्या चाकाजवळच्या दगडांवर होती. मधल्या एका वळणापाशी खालून एक सायकलवाला येताना दिसला. मान खाली, खांदे हलताहेत. मी रस्त्याच्या कडेला थांबलो आणि तिथले लोक ओरडतात तसा ओरडलो, 'फोर्त्सा!' म्हणजे जोर लाव. त्यानं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागं डोंगरात चढत गेलेल्या त्या सरळ वाटेकडे पाहिलं. क्षणभर एक हात हँडलवरून उचलला, लगेच परत ठेवला, आणि वळण घेतलं.