“मी ठीक आहे” म्हणण्यापूर्वी



तू बिश्वातच्या या मेळाव्यात, मलिद्याचे ताट पुढे येण्यापूर्वी, हिवाळा आणि प्रकृती या विषयावर मी दोन शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली. चाळीस वर्षे रुग्णसेवा केलेल्या परिचारिकेकडून तुम्ही उपदेशाची अपेक्षा करीत असाल. मी मात्र आज स्वतःची एक चूक सांगणार आहे.

माझे बालपण अलिबाग तालुक्यात गेले. तिथला हिवाळा म्हणजे पहाटेची शेकोटी आणि डोक्याला कानटोपी. बर्फ मी प्रथम पाहिला तो नोकरीसाठी न्यूयॉर्कला आल्यावर, आणि डोंगरांची गोडी लागली ती निवृत्तीनंतर, माझ्या नातीमुळे. पाच वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका रविवारी नात, तिची मैत्रीण आणि मी अशा तिघी ॲडिरॉन्डॅक पर्वतातील कॅस्केड शिखराकडे निघालो. शिखराची उंची 4,098 फूट आणि वाट एका बाजूने सुमारे अडीच मैलांची. त्या भागात 8 इंच किंवा त्याहून अधिक बर्फ असला, तर पायांत स्नोशू किंवा स्की असावेत असा नियमच आहे. नुसत्या बुटांनी चालणाऱ्याचा पाय खोल रुततो, आणि त्याने पाडलेले खड्डे मागून येणाऱ्याचा पाय मोडू शकतात.

आमची तयारी चोख होती. लोकरीचे मोजे, हातमोज्यांची जादा जोडी, थर्मासमध्ये गोड चहा. पाण्याची बाटलीदेखील पिशवीत उलटी ठेवली होती, कारण पाणी वरून गोठू लागते आणि उलट्या बाटलीचे तोंड मोकळे राहते.

चूक झाली ती चढावर. चढताना अंग तापते, तेव्हा घाम फुटण्याआधीच वरचा एखादा कपडा उतरवावा, हे बर्फात चालणाऱ्यास प्रथम शिकवतात. मुली पुढे होत्या. थांबले तर म्हातारी दमली असे त्यांना वाटेल, या अभिमानापोटी मी थांबले नाही. आतला कपडा घामाने चिंब झाला. झाडी संपून माथ्याजवळचा उघडा खडक लागला, तेव्हा वारा थेट अंगावर आला आणि त्या ओल्या कपड्याने माझ्या अंगातली ऊब शोषून घेतली.

नातीने विचारले, “आजी, बरी आहेस ना?”

“मी ठीक आहे. तू चल.”

थोड्या वेळाने मला जाकिटाची चेन लावता येईना. मी चेनेवरच चिडले. नात परत आली, माझा हातमोजा काढला आणि म्हणाली, “अंगठा करंगळीला लाव बघू.” मला तो लावता आला नाही. शिखर समोर दिसत होते. ती म्हणाली, “आपण परत जातोय.” त्यावर मी जे बोललो ते आठवले की आजही लाज वाटते. “चाळीस वर्षे नर्स होते मी. मला शिकवू नकोस!”

तिने वाद घातला नाही. मला झाडीच्या आडोशाला नेले, ओला कपडा काढून तिचा कोरडा लोकरी स्वेटर चढवला, टोपी कानांवर ओढली, चहा पाजला, चिक्की खाऊ घातली. हळूहळू बोटे वळू लागली. मग आम्ही सावकाश उतरलो. क्षमा मागायला मात्र मला तीन दिवस लागले.

शरीराचे आतले तापमान 35 अंश सेल्सियसच्या खाली गेले की त्यास हायपोथर्मिया म्हणतात. आधी हुडहुडी भरते, मग बोटे बोजड होतात, पाय अडखळतो, बोलणे अस्पष्ट होते, माणूस विनाकारण चिडतो. तापमान आणखी घसरले की हुडहुडी थांबते. हे बरे होण्याचे लक्षण नव्हे, मोठ्या धोक्याचे आहे. अशा वेळी हातपाय चोळू नयेत, दारू देऊ नये, तातडीने मदत बोलवावी. हे सर्व मी परीक्षेत लिहिले होते, विद्यार्थिनींना शिकवलेही होते. परंतु ज्या बुद्धीने हे ओळखायचे, तीच थंडीने मंदावते. म्हणून आपली थंडी शेजारच्याने पाहावी लागते.

ज्या एलियाहू हन्नाबींचे आपण आज स्मरण करतो, त्यांचीही कथा अशीच आहे. होरेब पर्वताच्या वाटेवर ते थकून झुडपाखाली निजले. देवदूताने त्यांना हलवून उठवले आणि भाकर व पाणी दिले. एकदा नव्हे, दोनदा. प्रवास आपल्या शक्तीबाहेरचा आहे, हे नबींनाही दुसऱ्याने सांगावे लागले.

आपल्यातील पुष्कळ वडीलधारी माणसे आज एकटी राहतात. बिल वाढेल म्हणून हीटर कमी ठेवतात, आणि मुलांचा फोन आला की म्हणतात, “मी ठीक आहे.” वय वाढले की थंडीची जाणीव बोथट होते, त्यामुळे घरात बसूनही माणूस गारठू शकतो. मुलांनो, त्या तीन शब्दांवर विसंबू नका. प्रत्यक्ष जा, हात हातात घेऊन पाहा. आणि माझ्या वयाच्या मंडळींनो, कोणी पाहायला आले तर हात मागे घेऊ नका.

कॅस्केडचे शिखर मी अजून गाठलेले नाही. नात म्हणते, उन्हाळ्यात जाऊ. मी हो म्हटले आहे.