आमचा सागरकिनाऱ्याचा प्रवास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझी शाळा सातवीपर्यंतची. भाषणाची सवय नाही. हळदीकुंकवाला उखाणा घेताना सुद्धा माझी जीभ अडखळते. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही कोकणात जाऊन आलात ना, मग तेच सांगा." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

माझे माहेर चाकणजवळच्या खेड्यातले आणि सासर चिंचवडचे. त्रेचाळीस वर्षांची झाले तरी समुद्र पाहिला नव्हता. सासूबाई मात्र अंजर्ल्याच्या. मामंजींना पिंपरीच्या कारखान्यात नोकरी होती, म्हणून १९६८ साली लग्न होऊन त्या इकडे आल्या. त्यांच्या बोलण्यात सदा खाडी, सुपारीची वाडी, विहिरीवरचा रहाट. आम्ही "हो, हो" म्हणत भाकऱ्या थापत असू. त्यांना शहात्तरावे लागले, गुडघे धरू लागले, तेव्हा एके दिवशी म्हणाल्या, "एकदा जाऊन आले असते तर बरे झाले असते." त्यापूर्वी पुष्कळ वर्षांत त्या माहेरी गेल्या नव्हत्या. का, ते आम्ही कधी विचारले नव्हते.

हे चाकणच्या एका कारखान्यात आहेत. जानेवारीत पाच दिवसांची रजा मिळाली. भाऊजींची गाडी मागून घेतली. सासूबाई पुढे बसल्या, मी दोन्ही मुलांना घेऊन मागे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आवळासुपारी आणि घाटात कोणाला मळमळले तर लिंबे, असा माझा जामानिमा होता. लिंबे पहिल्यांदा लागली ती गाडी चालवणाऱ्यांनाच!

पौड-मुळशीवरून ताम्हिणी घाट उतरलो. माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन करीत संध्याकाळी हरिहरेश्वरला पोचलो. समुद्र म्हणजे पवना धरणाचे पाणी पुष्कळ वाढवले की झाला, अशी माझी समजूत. पण त्याच्या गाजेविषयी मला कोणी सांगितलेच नव्हते. रात्रभर कोणीतरी दाराशी जाते ओढते आहे असे वाटत होते. एक सूचना करते. तिथे देवळामागे खडकावरून प्रदक्षिणेची वाट आहे, ती ओहोटीलाच करावी. भरती केव्हा आहे ते आधी विचारावे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात तर मुलांचा हात सोडू नये.

नकाशात किनाऱ्याचा रस्ता सरळ दिसतो. प्रत्यक्षात तो खाडीपाशी येऊन संपतो. बागमांडल्याला सावित्रीची खाडी, दाभोळला वाशिष्ठीची, तवसाळला शास्त्रीची. आम्ही गेलो तेव्हा तिन्ही ठिकाणी गाडी फेरीबोटीवर चढवावी लागली. बोट पलीकडे असली की थांबायचे. ह्यांची चिडचिड होई, मला मात्र ते थांबणे आवडले. चूल नाही, डबा नाही, नळ येण्याची वेळ नाही. नुसते बसायचे.

बागमांडल्याहून वेश्वीला उतरलो आणि समुद्र उजव्या हाताला घेऊन केळशीकडे निघालो. सासूबाईंची कळी खुलली. पूर्वी मुंबईची आगबोट हर्णैला खोल पाण्यात उभी राही, पडावातून माणसे उतरत. अंजर्ल्याला जायचे तर तरीतून खाडी ओलांडायची. त्या नवी नवरी होऊन निघाल्या तेव्हा शालू भिजू नये म्हणून भावाने त्यांना उचलून तरीत बसवले होते. हे सांगताना त्या हसल्या आणि मग गप्प झाल्या.

अंजर्ल्याला घर सापडले, पण वाडी कुठे होती? ३ जून २०२० चे निसर्ग वादळ तुम्हाला आठवत असेल. आपल्याकडे त्या दिवशी झाडे पडली, वीज गेली. तिकडे वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारी लावली तरी फळ धरायला पाच-सात वर्षे जातात. सासूबाईंच्या माहेरी माणसापेक्षा थोडी उंच अशी रोपे उभी होती. त्या एकेका रोपाला हात लावून आल्या. रहाट गेला होता, विहिरीवर मोटार बसली होती.

मामेसासरे केव्हाच वारले. भाचेसून दारात आली. आम्हांला पाहून तिचा चेहरा उतरला. पाणी दिले आणि उभ्याउभ्याच विचारले, "आत्या, कागदाचं काही काम काढलंत का?"

मला फार राग आला. पण आता वाटते, तिचे तरी काय चुकले? वाडी गेलेली, डोक्यावर कर्ज, आणि किनाऱ्याच्या जमिनी विचारत दलाल रोज दारात. सासूबाई म्हणाल्या, "नाही गं. विहिरीचं पाणी प्यायला आले." मग ती बसली. आम्हांला जेवल्याशिवाय सोडले नाही. कुळथाचे पिठले, भात आणि सोलकढी. निघताना दोघी एकमेकींना धरून रडल्या.

दुसऱ्या दिवशी हर्णैहून सुवर्णदुर्ग पाहिला आणि मुरूडला थांबलो. हे महर्षी कर्व्यांचे गाव. मुलगा असताना परीक्षेसाठी ते इथून साताऱ्यापर्यंत डोंगर तुडवीत चालत गेले, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परत पाठवले. त्याच माणसाने पुढे १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ. मी मुलांना हे सांगत होते. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

गाडीत मला राहवले नाही. म्हटले, "आई, तुम्ही हक्क सोडलात कशाला? सोडून वर बोलणेही ऐकायचे!" ह्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिले. दाभोळपर्यंत कोणी बोलले नाही. फेरीबोट सुटली, हे मुलांना घेऊन कठड्याशी गेले, तेव्हा सासूबाई हळूच म्हणाल्या, "सही केली तेव्हा वाचून कोणी दाखवलं नाही. वर्षभर माहेरी पत्र टाकत होते, वाडीतल्या सुपाऱ्या पाठवा म्हणून. उत्तर नाही. मग इथे शेजारणीच्या मुलाने कागद वाचला, तेव्हा कळलं."

मला बोलता येईना. धोपावे आले आणि आम्ही उतरलो.

गुहागर, हेदवी, गणपतीपुळे सर्व सुंदर आहे. ज्यांना जायचे असेल त्यांना मी सवडीने सांगेन, राहण्या-जेवण्याचा खर्चही लिहून ठेवला आहे. रत्नागिरीहून आंबा घाट चढून, कोल्हापूरवरून पाचव्या दिवशी मध्यरात्री घरी आलो.

घरी येऊन आठवडा झाला नाही तोच माझ्या भावाचा फोन. चाकणला आमच्या शेताशेजारून कारखान्याचा रस्ता गेला आहे आणि भाव चढले आहेत. "ताई, मंगळवारी सहीला ये, गाडी पाठवतो." २००५ सालापासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाएवढाच आहे, हे आपल्या मंडळातच वकीलबाईंनी सांगितले होते. तरी खरे सांगते, आधीची मी असते तर नवी साडी नेसून गेले असते. ह्या वेळी म्हटले, "कागद आधी घरी पाठव, दादा. मी वाचते." तो दुखावला. पंधरा दिवस बोलला नाही. वहिनीने राखीपौर्णिमेचा विषय काढला. मलाही दोन रात्री झोप नाही. भाऊ वाईट नाही हो माझा. माझ्या बाळंतपणात त्यानेच धावपळ केली होती.

गेल्या गुरुवारी कागद आला. चार पाने आहेत. दुपारी सर्व आवरले की मी मोठ्याने वाचते आणि सासूबाई शेजारी बसतात. मध्येच म्हणतात, "ती ओळ परत वाच." तीन पाने झाली आहेत. काही शब्द मात्र अडले आहेत. ते मी ह्या चिठ्ठीवर लिहून आणले आहेत. आपल्यापैकी कोणाच्या घरी कोर्टकचेरीची भाषा जाणणारे कोणी असेल, तर चहा झाल्यावर मला अवश्य भेटावे.