तपकिरीच्या डबीवरचे ठसे

सराफाकडे आपण हॉलमार्क पाहूनच सोनं घेतो. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्येही हा काटेकोरपणा होता. झाँ द्युक्रोले हा १७३४ साली तिथल्या सुवर्णकारांच्या संघात उस्ताद झाला. सोन्यात तांबं मिसळून लालसर, चांदी मिसळून हिरवट छटा आणायची आणि तळहातावर मावणाऱ्या तपकिरीच्या डबीवर फुलंपानं घडवायची, अशी त्याच्यासारख्यांची कारागिरी. आत कारागिराचा ठसा असे: मुकुटाखाली लिलीचं फूल, दोन ठिपके, आद्याक्षरं आणि त्याची स्वतःची खूण. त्यामुळेच अनेक डब्यांचे कर्ते आजही नावानिशी सापडतात. तुमच्या घरी पणजोबांची तपकिरीची डबी असेल, तर मोडीत काढण्याआधी ती भिंगाखाली नीट पाहा.