बियांचा पाळणा

रोपवाटिकेत जाऊन व्हर्मिक्युलाइट मागितलं, की पुष्कळदा हातात गांडूळखताची पिशवी पडते. यात दुकानदाराची फारशी चूक नाही. घोटाळा नावाचा आहे. लॅटिनमध्ये ‘व्हर्मिस’ म्हणजे किडा, अळी. गांडूळखताचं ‘व्हर्मिकंपोस्ट’ हे नाव त्यावरून आलं आणि व्हर्मिक्युलाइटही त्यावरूनच. पण व्हर्मिक्युलाइटमध्ये ना गांडूळ असतं, ना खत. तो चक्क दगड आहे.

अभ्रक आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पापुद्र्यांवर पापुद्रे, नखानं सोलावेत असे. व्हर्मिक्युलाइट हे त्याच्याच जातकुळीतलं खनिज. आपल्या देशात ते तमिळनाडूत आणि आंध्र प्रदेशात सापडतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी अडकलेलं असतं. हे खनिज आठशे-नऊशे अंश सेल्सिअसच्या भट्टीतून झटकन काढलं, की त्या पाण्याची वाफ होते, वाफ पापुद्रे दूर ढकलते आणि खडा पेटीच्या भात्यासारखा उलगडतो. मूळ आकाराच्या आठ-दहापट, कधी त्याहूनही जास्त. फुलताना तो अळीसारखा वळवळतो, म्हणून हे नाव. ज्वारीच्या लाह्या फुटताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही क्रिया वेगळी समजावून सांगायला नको.

आता या दगडाच्या लाह्यांचा आणि बियांचा संबंध काय?

आपली समजूत अशी, की बी पेरायचं तर माती कसदार हवी, शेणखत भरपूर हवं. पण बी उपाशी नसतं. आईनं दिलेली शिदोरी त्याच्या पोटातच असते. पहिली खरी पानं येईपर्यंत त्याला बाहेरच्या जेवणाची फारशी गरज नसते. गरज असते ती दोन गोष्टींची, ओलावा आणि हवा. आणि या दोघींचं एकमेकींशी पटत नाही. कुंडीतल्या बारीक मातीत पाणी भरलं की हवा निघून जाते, हवा राहावी म्हणून पाणी कमी घातलं तर वर खपली धरते आणि कोंब आतच अडकतो. व्हर्मिक्युलाइटच्या पापुद्र्यांत पाणी धरलं जातं आणि कणाकणांमधल्या फटींत हवा खेळती राहते. दोघी एका घरात नांदतात.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. टोमॅटोचं, मिरचीचं बी छान उगवतं, आपण घरात सगळ्यांना बोलावून दाखवतो आणि आठव्या दिवशी सकाळी पाहावं तर रोपं जमिनीलगत सडून आडवी पडलेली. याला रोपं कोलमडणं किंवा मर म्हणतात. मातीतल्या बुरशीचं हे काम. गच्चीवर चार रोपं गेली तर आपण हळहळतो आणि दुसरं पाकीट आणतो. पण ज्यानं महागडं संकरित बी घेतलं, त्याची रोपं मेली तर लागवडीची वेळ टळते, आणि वेळ टळली की भाव टळतो. व्हर्मिक्युलाइट भट्टीतून निघालेलं असतं, त्यामुळे त्यात रोगाचं बीज नसतं.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात बूडली आणि शेल्ड्रेक या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात पीट आणि व्हर्मिक्युलाइट यांचं मातीविरहित मिश्रण प्रचारात आणलं, ते याच विचारानं. आपल्याकडे पीटच्या जागी नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट आलं. नाशिक, नारायणगाव भागातल्या रोपवाटिकांमध्ये टोमॅटोची रोपं आता प्लॅस्टिकच्या ट्रेमध्येच वाढतात.

घरी करायचं असेल तर तीन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग व्हर्मिक्युलाइट आणि एक भाग परलाइट घ्या. परलाइट म्हणजे ज्वालामुखीतल्या काचेच्या पांढऱ्या लाह्या. त्या पाण्याचा निचरा करतात. मिश्रण आधी भिजवा, मग ट्रेमध्ये भरा, पण अंगठ्यानं दाबू नका. दाबलं की पापुद्रे मिटतात आणि हवा गेलीच म्हणून समजा. बी टाकून वर बारीक व्हर्मिक्युलाइटचा पातळ थर पसरा. पिटुनिया, लेट्यूस यांच्या बियांना उगवताना उजेड लागतो, त्यांच्यावर नुसती भुरभुर पुरे. पाणी वरून ओतण्यापेक्षा ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून शोषू द्या. पावसाळ्यात आपल्याकडे हवाच ओली असते, तेव्हा व्हर्मिक्युलाइट कमी करून परलाइट वाढवा. नाहीतर ज्या ओलाव्यासाठी ते घातलं, त्यानंच मुळं कुजतील.

खरी पानं दिसली, की शिदोरी संपली. व्हर्मिक्युलाइटमध्ये थोडं पोटॅश आणि मॅग्नेशियम असतं, पण नत्र आणि स्फुरद नाही. तेव्हापासून अगदी पातळ केलेलं खताचं पाणी द्या आणि चार-पाच पानांवर रोप मातीत हलवा. उरलेलं मिश्रण टाकू नका. रोपं निरोगी असतील तर ते मोठ्या कुंडीच्या मातीत मिसळा.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. अमेरिकेत मोंटाना राज्यात लिबी नावाचं खाणगाव आहे. तिथल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले होते. खाणकामगार आणि त्यांच्या कपड्यांवरून घरी गेलेल्या धुळीनं त्यांची बायकामुलं फुप्फुसाच्या रोगांनी आजारी पडली, शेकडो माणसं दगावली. खाण १९९० मध्ये बंद झाली आणि २००९ मध्ये सरकारनं तिथे सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली. सगळ्या खाणींत हे तंतू नसतात आणि बागेत मूठभर वापरणाऱ्याला धोका अगदी थोडा, असंच तिथल्या पर्यावरण संस्थेच्या २००० सालच्या तपासणीत दिसलं. तरीही पिशवी मोकळ्या हवेत उघडा, आधी पाणी शिंपडा, नाकावर रुमाल बांधा. बांधकामासाठी विकला जाणारा माल झाडांना वापरू नका.

पाळणा म्हणजे घर नव्हे. मूल त्यात चार महिने झोपतं आणि मग जमिनीवर रांगायला लागतं. रोपालाही शेवटी मातीच हवी. पण जमिनीवर उतरण्याआधीचे ते पंधरा-वीस दिवस सुखरूप गेले, की पुढचं निम्मं काम झालं.