मधुमेह, सिकलसेल आणि रक्ताचा आकडा
(आसगाव येथील आरोग्यविषयक भाषण)



मधुमेह हा लठ्ठ, बसून खाणाऱ्यांचा रोग, अशी समजूत आपल्याकडे अजून आहे. पण धानाच्या बांधीत दिवसभर राबणाऱ्या, बरगड्या दिसणाऱ्या माणसालाही तो होतो. अशा माणसाला "वजन कमी करा" असे सांगून काय उपयोग? कमी करायला अंगावर आहे काय?

रोगाचे नाव एक असले तरी शरीरातील बिघाड एक नसतो. एकाच्या शरीरात इन्सुलिन असते, पण ते नीट काम करीत नाही. दुसऱ्याच्या शरीरात ते तयारच कमी होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पंचेचाळिशीच्या आत मधुमेह झालेल्यांची अशी वर्गवारी केली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून अधिक रुग्ण इन्सुलिन कमी पडणाऱ्या गटात निघाले. कुपोषणाशी निगडित मधुमेहाला तर आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ साली ‘पाचवा प्रकार’ म्हणून मान्यता दिली. शरीर इन्सुलिन किती बनवते, हे सी-पेप्टाइड तपासणीवरून कळते आणि औषध ठरविताना त्याचा उपयोग होतो.

आता आपल्या घरची गोष्ट. नागपूरच्या डॉ. शुक्ला व डॉ. सोलंकी यांनी १९५८ सालीच आपल्या भागातील सिकलसेलची नोंद केली. मधुमेहासाठी डॉक्टर तीन महिन्यांच्या सरासरीची, म्हणजे एचबीएवनसी, तपासणी लिहून देतात. तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, त्यावरून तो आकडा निघतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची १० ते २० दिवसांतच फुटते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही! आकडा कमी येतो, माणूस निर्धास्त होतो, आणि इकडे डोळे व मूत्रपिंडे खराब होत राहतात. वाहकांच्या बाबतीतही काही यंत्रांवर तो चुकतो. उलट अंगात लोह कमी असले की तोच आकडा फुगतो.

म्हणून तपासणीला जाताना सिकलसेलचे कार्ड सोबत न्यावे. मुलीचे लग्न मोडेल या भीतीने ही गोष्ट लपविली जाते, हे आम्हांस ठाऊक आहे. पण निदान डॉक्टरांपासून तरी लपवू नये. मग उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर, गरज पडल्यास फ्रुक्टोसामीन, यांवरून ते निर्णय घेऊ शकतात. तोवर चालू औषध मनाने बंद करू नये.

ज्यांनी आपले रिपोर्ट आणले असतील, त्यांनी आता पुढे यावे.