दुखणे, चालणे आणि चक्रव्यूह



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी कापूस, जिनिंगचे मजूर किंवा किमान वेतन यांपैकी कशावर तरी बोलेन अशी त्यांची समजूत असावी. या विषयांवर बोलण्याची मला तीस वर्षांची सवय आहे. पण ती भाषणे जिनाच्या फाटकावर करावयाची असतात आणि तेथे खुर्च्या नसतात. आज आपण खुर्च्यांवर बसला आहात आणि मीही बसूनच बोलणार आहे, कारण काल माझे डायलिसिस झाले आणि दुसऱ्या दिवशी पाय माझ्या हुकमात नसतात. म्हणून म्हटले, या पायांवरच बोलावे.

माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. मूत्रपिंड हा शब्द चांगला आहे, पण आमच्या वॉर्डात तो कोणी उच्चारीत नाही. दर्यापूर, तेल्हारा, अकोट इकडची माणसे तेथे बरीच दिसतात. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आपल्याला नवा नाही. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही आणि बोअरचेही तेच. सगळे दुखणे त्या पाण्यातूनच येते असे मी म्हणणार नाही, कारण मधुमेह आहे, रक्तदाब आहे, दुखण्यावर मनाने घेतलेल्या गोळ्या आहेत. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस आहे. एका कारणावर सगळे खापर फोडणे सभेत सोपे असते, पण येथे मी सभा घेत नाही.

डायलिसिस म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात हे दुखणे नाही त्यांना ठाऊक नसते. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, हातात दोन जाड सुया. एका सुईतून रक्त बाहेर जाते, यंत्रातल्या हजारो पोकळ तंतूंमधून गाळले जाते आणि दुसऱ्या सुईतून परत येते. मिनिटाला पाव लिटर किंवा त्याहून थोडे अधिक. सुया टोचण्यासाठी मनगटाजवळ शीर आणि धमनी जोडलेली असते. तेथे बोट ठेवले की दूरवर जिन चालू असावा तशी घरघर लागते. पाणी मोजून प्यावयाचे. अकोल्याला वैशाखात पारा पंचेचाळिशीला पोहोचतो आणि मला दिवसाचे एक लिटर, त्यातच चहा, त्यातच वरण. तहान या विषयावर मी स्वतंत्र व्याख्यान देऊ शकेन.

या यंत्राचा इतिहास मी वाचून काढला. १९४३ साली हॉलंड जर्मनांच्या ताब्यात असताना कोल्फ नावाच्या डॉक्टराने लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती सॉसेजच्या वेष्टनाची सेलोफेनची नळी गुंडाळून पहिले चालते यंत्र केले. पहिले बहुतेक रोगी दगावले. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई वाचली. पुढे १९६० नंतर अमेरिकेत सिएटल येथे हे उपचार कायम चालू ठेवता येऊ लागले, पण यंत्रे थोडी आणि रोगी फार. तेव्हा कोणाला यंत्र द्यावयाचे आणि कोणाला मरू द्यावयाचे हे ठरविण्यास एक समिती बसली. १९६२ साली 'लाइफ' साप्ताहिकाने ती हकीकत छापली. सभासद सात: एक वकील, एक धर्मोपदेशक, एक बँकवाला, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक शल्यवैद्य आणि एक कामगार पुढारी. तो कामगार पुढारी माझ्या डोक्यातून जात नाही. त्यालाही विचारावे लागले असणार: हा माणूस समाजाच्या काय उपयोगाचा? त्याचे उत्पन्न किती, मुले किती, शिक्षण किती? १९७२ च्या कायद्याने तेथील सरकारने हा खर्च आपल्याकडे घेतला आणि समितीचे कारण उरले नाही. आपल्याकडे २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. मी त्यावरच जगतो आहे. ज्यांनी हे मागण्यासाठी मोर्चे काढले त्यांत मीही होतो, पण स्वतःला लागेल म्हणून कोणी मोर्चा काढीत नाही.

समिती गेली, तरी तो प्रश्न पलंगावर पडलेल्या माणसाला सोडीत नाही. चार तास छताकडे पाहत पडले की तो आपणच आपली समिती होतो. मी काय उपयोगाचा? फाटकावर उभे राहवत नाही. आवाज पोहोचत नाही. घरात मी खर्चाची बाब झालो. माझी बाई तिची एक किडनी देते म्हणाली. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, तुम्ही सगळ्या जगाला हक्क मागायला शिकवता, मला द्यायचा हक्क नाही काय? याला कामगार कायद्यात उत्तर नाही. माझी भूक देवळाची नव्हती. उरलेले दिवस कशासाठी, एवढेच कोणी सांगावे असे वाटे. याला अध्यात्म म्हणत असतील तर म्हणोत.

आता चक्रव्यूहाकडे येतो.

दुखणे येण्यापूर्वी एका परिषदेसाठी मी गोव्यात गेलो होतो. सोबत्यांनी सांगे तालुक्यात कुशावती नदीकाठी उसगाळीमळ येथे नेले. जांभ्या दगडाच्या सपाट पाषाणावर बैल, हरणे कोरलेली आहेत आणि त्यांत वळणावळणांची एक वर्तुळाकार आकृती आहे. १९९३ साली ती जागा अभ्यासकांच्या नजरेस आली. अलीकडे, २०२५ साली, आपल्याच राज्यात सोलापूरजवळ बोरामणीच्या माळरानावर दगड मांडून केलेला पंधरा फेऱ्यांचा असा चक्रव्यूह पुढे आला. क्रीट बेटावरील क्नोसॉस गावाच्या जुन्या नाण्यांवर हीच आकृती आहे. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरातील शिल्पपट्टीत अभिमन्यूच्या कथेत हीच आहे. उत्तरेकडे काही भागांत प्रसूतीच्या कळा लांबल्या की थाळीवर केशराने चक्रव्यूह काढून, तो धुऊन ते पाणी बाईला पाजीत. त्याने मूल सुटे होते असे मी मानीत नाही. पण अडलेल्या जिवाला बाहेरची वाट दाखवावी, ही कल्पना कोणा आईलाच सुचली असावी.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चक्रव्यूह आणि भुलभुलैया एक नव्हेत. लखनौचा भुलभुलैया १७८४ च्या दुष्काळात नबाब असफउद्दौलाने लोकांना काम मिळावे म्हणून जो इमामबाडा बांधावयास घेतला, त्यातला आहे. म्हणजे ते आपल्या रोजगार हमीचे काम म्हणावयास हरकत नाही. तेथे वाटा अनेक आणि बहुतेक फसव्या. मी सांगतो त्या आकृतीत वाट एकच. फाटा नाही, चूक होण्याची सोय नाही. चालत राहिले की मध्याला पोहोचता, आणि त्याच वाटेने बाहेर येता. फ्रान्समध्ये शार्त्रच्या चर्चमध्ये तेराव्या शतकात फरशीत बसविलेली अशी वाट आहे: अकरा फेऱ्या, व्यास सुमारे तेरा मीटर, चालावयाचे अंतर मात्र दोनशे साठ मीटरच्या आसपास. १९९१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथेड्रलमध्ये तेथील धर्मोपदेशिका लॉरेन आर्ट्रेस यांनी ती कॅनव्हासवर काढून लोकांसाठी अंथरली, आणि तेव्हापासून परदेशात कितीतरी रुग्णालयांच्या अंगणांत अशा वाटा आखल्या गेल्या. हे वाचले तेव्हा मला कुशावतीचा दगड आठवला.

आखणे सोपे आहे. आधी एक फुली. तिच्या चार कोनांत चार काटकोन. त्यांच्या बाहेर चार कोपऱ्यांना चार ठिपके. मग वरचे टोक शेजारच्या टोकाला कमानीने जोडावयाचे, आणि मग पुढची जोडी, पुढची जोडी. रांगोळी काढणाऱ्या कोणाही मुलीला दोन मिनिटांत जमते. मला दोन दिवस लागले. वैशाखात जिनाचे पटांगण रिकामे असते, कपाशीच्या गंज्या नसतात, गाड्यांची रांग नसते. ज्या मालकाशी मी वीस वर्षे भांडलो त्याच्याकडे परवानगी मागितली. त्याने परवानगी दिली आणि वर फक्कीचे पोते पाठविले. याचा अर्थ काढण्याच्या भानगडीत मी पडलो नाही, कारण पुढच्या हंगामात दरवाढीची मागणी आहेच.

दोन फूट रुंदीची वाट, सात फेऱ्या, एकूण व्यास बत्तीस फुटांचा. आत जावयास सुमारे चारशे फूट चालावे लागते, तेवढेच बाहेर यावयास. पहाटे साडेपाचला, ऊन होण्यापूर्वी.

या वाटेचा क्रम मन लावून ऐकावा. बाहेरून मोजले तर तुम्ही शिरता ते तिसऱ्या फेरीत. वाटते, बरे झाले, दोन फेऱ्या वाचल्या. पण वाट वळते ती दुसरीत, मग अगदी बाहेरच्या पहिलीत. तेथून चौथीत, आणि चौथीतून एकदम सातवीत. मध्य हातभर अंतरावर. पाऊल उचलले तर ओलांडता येईल. आणि तेथून वाट पुन्हा बाहेर फेकते, सहावीत, मग पाचवीत, आणि पाचवीतून अचानक मध्यात. पहिल्या दिवशी सातवीतून सहावीत वळताना मला राग आला. दवाखान्यात रक्ताचे आकडे सुधारावेत आणि पुढच्याच आठवड्यात कोसळावेत, तसाच राग. पण वीसेक दिवस चालल्यावर हे समजले की लांब जाणे हाही त्याच वाटेचा भाग आहे. तेथे आपण वाट सोडलेली नसते. हे कोणी मला खुर्चीवर बसून सांगितले असते तर मी त्याला भोंदू म्हटले असते. मला ते पायांनी सांगितले.

आमचा एक जुना हमाल पाहावयास आला. तोंडात तंबाखू धरून म्हणाला, "दादा, हे तं घाण्याच्या बैलावानी झालं!" आक्षेप खरा होता, आणि मी त्यावर विचार केला. घाण्याचा बैलही गोल फिरतो. पण त्याच्या डोळ्यांवर झापड असते, मानेवर लाट असते आणि तेल दुसऱ्याचे निघते. त्याला मध्य नाही, तो मध्याला बांधलेला असतो. मी म्हटले, तू एकदा चालून पाहा. तो चालला. बाहेर येऊन बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "बैलाले बी एकदा मोकळं चालू द्याव."

आपल्या मातीत हे अगदी परके नाही. आपण देवाला प्रदक्षिणा घालतो. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे, आणि चक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यांना एका जागी न राहता अटन करावयास सांगितले होते. गाडगेबाबा शेंडगावचे. आयुष्यभर पायी हिंडले, आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे आणले जात असता वलगावजवळ वाटेतच गेले. तुकडोजी महाराजांना शेवटी कॅन्सरने गाठले, १९६८ साली मोझरीत त्यांनी देह ठेवला. मी यांपैकी कोणाचाही अनुयायी नाही. पण दुखणे आणि वाट यांची ओळख वऱ्हाडाला पुस्तकातून झालेली नाही, एवढे म्हणतो.

अभिमन्यूबद्दलही एक बोलून घेतो, कारण चक्रव्यूह म्हटले की श्रोत्यांच्या मनात तोच येतो. लहानपणापासून आपण ऐकतो की त्याला आत जाणे ठाऊक होते, बाहेर येणे नव्हते, म्हणून तो मेला. युनियनवाल्याने ही कथा वाचली तर दुसरेच दिसते. त्याच्या मागोमाग भीम, युधिष्ठिर आत शिरणार होते, पण जयद्रथाने त्यांना दारात अडविले. पोर एकटे पडले. व्यूहाने मारले नाही, एकटेपणाने मारले.

म्हणून मी एकट्याने चालणे बंद केले. वॉर्डातले चौघे येऊ लागले: एक शिक्षक, एक रिक्षावाला, तेल्हाऱ्याकडची एक आजी आणि तिचा नातू. पाच जण वाटेवर असले की एक विलक्षण गोष्ट होते. शेजारून जाणारा आत निघाला आहे की बाहेर, हे कळत नाही. जो तुमच्या खांद्याला खांदा लावून चालतो तो तुमच्या अर्ध्या वाटेने मागे असेल, किंवा केव्हाच मध्य पाहून परतत असेल. समोरासमोर आलो की एकाने फक्कीच्या रेषेवर पाय ठेवून दुसऱ्याला जागा द्यावी लागते. आजी दर वेळी मलाच थांबवते, वयाचा मान म्हणून. यात कोण किती उपयोगाचा, हे सिएटलच्या त्या सात जणांनाही ठरविता आले नसते.

किडनी याने बरी होत नाही. हे मी मोठ्याने सांगतो, कारण उद्या कोणी डायलिसिस सोडून फक्की आणावयास धावेल. रक्ताचे आकडे होते तेथेच आहेत. बदलले ते एवढेच की माझ्या हाताला पुन्हा काम लागले. जिनातल्या सतरा बायांचे ग्रॅच्युइटीचे अर्ज मी पलंगावर पडून, उजव्या हाताने, एका पालथ्या थाळीवर कागद ठेवून लिहिले. त्यांतले नऊ मंजूर झाले. बाईला मी अजून हो म्हटलेले नाही, पण नाही हा शब्द मागे घेतला आहे, आणि तिच्या तपासण्या पुढच्या महिन्यात आहेत.

आजीचे पाय आता सुजतात, तिला पटांगणापर्यंत येववत नाही. इटलीत लुक्का गावच्या चर्चच्या भिंतीवर बोटाने फिरण्याजोगा लहान चक्रव्यूह कोरलेला आहे, हे वाचून तिच्या नातवाने पाटीवर खडूने एक काढून दिला. सुया डाव्या हातात असतात. उजव्या हाताच्या बोटाने ती चार तासांत किती वेळा आत जाऊन येते, ते नातू मोजतो. परवा अकरा झाले.