मुलाची पोटगी : हिशेब आपणच मांडायचा

मुलाला पोटगी किती, याचा तक्ता कायद्यात नाही. कलम १२५ मधली महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा २००१ साली उठली. आता ते नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सांगितले : दोघांनी मिळकत-खर्चाचे प्रतिज्ञापत्र द्यावे, पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, मुलाच्या खर्चात अन्न, कपडे, निवारा, औषधपाणी, शिक्षण, शिकवणीही धरावी.

आमच्याकडे येणारी बाई मात्र शाळेची फी तेवढी सांगते. घरभाड्यातला मुलाचा वाटा, रिक्षा, वह्या, चष्मा हे तिच्या मजुरीतून गुपचूप जाते. न लिहिलेला खर्च न्यायालयाला दिसत नाही. तेव्हा खर्चाची वही ठेवा, पावत्या जपा आणि अर्जाला उशीर करू नका. उशिराचा प्रत्येक महिना मुलाच्या ताटातून जातो.